सरांच्या स्मृतिदौडीबद्दल कार्यकारिणीला खुलं पत्र

माननीय अध्यक्ष आणि कार्यकारिणीचे सर्व सभासद,

सप्रेम नमस्कार.

आपल्या धावण्याच्या गटाचे प्रशिक्षक, आपले सर, गेल्यानंतरच्या पहिल्याच बैठकीत तुम्ही स्मृतिदौड भरवायचं ठरवलंत. ठराव वाचला. 21 किलोमीटरची दौड, सगळ्यात वेगवान पुरुषाला आणि स्त्रीला सरांच्या नावाचा फिरता चषक, अडीच तासांचा कटऑफ (म्हणजे तेवढ्या वेळात न पोचणाऱ्याला थांबवायचं), टी-शर्टच्या पाठीवर 'सरांचे दहा नियम' आणि मंडपात सरांच्या वह्यांचं प्रदर्शन. तुमच्या भावनेबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण यातल्या जवळपास प्रत्येक गोष्टीवर सर वैतागले असते, आणि ते वैतागले की काय बोलायचे हे आपल्यातल्या निम्म्या लोकांनी ऐकलेलं आहे. पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण बंद पाकिटात दिलं असतं तर ते पुढच्या बैठकीत 'आयत्या वेळचे विषय' मध्ये जाऊन तिथेच राहिलं असतं.

आधी चषकाचं बोलू.

सर आपल्याबरोबर धावायचे तेव्हा नेमके कुठे असायचे? सगळ्यात मागे. शेवटच्या माणसाच्याही मागे दहा-पंधरा पावलं. नवीन आलेल्यांना वाटायचं, वय झालंय, दमत असतील. मग एखाद्या दिवशी सर पुढच्या टोळीला काही सांगायला म्हणून वेग वाढवत सगळ्यांना ओलांडून जायचे आणि बोलणं झालं की पुन्हा मागे येऊन बसायचे. तेव्हा गैरसमज दूर व्हायचा. मागून माणूस नीट दिसतो, असं त्यांचं म्हणणं होतं. आणि खरंच दिसायचा. कुणाचा उजवा खांदा खाली जातोय, कुणाची टाच आतल्या बाजूला पडतेय, कोण एका पायावरचं वजन चोरतोय, हे त्या माणसाला स्वतःला कळायच्या आधी सरांना कळलेलं असायचं. धावून झालं की ते त्याला बाजूला बोलवायचे, बूट काढायला लावायचे, उलटे करून दोन्ही तळवे शेजारी-शेजारी धरायचे. एका तळव्याची कड दुसऱ्यापेक्षा जास्त झिजलेली असली की अंगठ्याने ती जागा दाबून दाखवायचे. ओरडा नाही, व्याख्यान नाही. 'आठवडाभर रविवारचं लांबचं अंतर निम्मं कर' एवढंच.

आता त्या माणसाच्या नावाचा चषक पहिल्या येणाऱ्याला द्यायचा? वेगवान लोकांवर माझा राग नाही. त्यांचं कौतुक व्हायलाच हवं, आणि ते होतंच. छप्पन्न स्पर्धांमध्ये होतं. पण सरांनी या गटात जे उभं केलं ते पहिल्या नंबराचं नव्हतं. त्यांच्या हाताखाली चांगली वेळ नोंदवणारे तयार झाले, पण त्यांना स्वतःला ते दुय्यम वाटायचं. 'तो कुठेही गेला असता तरी पळालाच असता,' असं ते आपल्या सगळ्यात तेज मुलाबद्दल म्हणायचे. त्याच्यासमोर.

बुधवारची शिट्टी तर सगळ्यांनाच आठवत असेल. सगळ्यांनी एकाच वेळी सुटायचं, ज्याने त्याने आपापल्या वेगाने जायचं, आणि अर्धा तास झाला की घड्याळ पाहून जिथे असाल तिथून उलटं फिरायचं. सर सगळ्यांना शिट्टी ऐकू जाईल अशी वल्गना करायचे, ती अर्थातच जायची नाही. पण उलटं फिरलं की गंमत व्हायची: सगळ्यात मागे असलेला आता सगळ्यात पुढे, आणि सगळ्यात तेज पोरं सगळ्यात मागे. जाताना ज्याने वेग सारखा ठेवला तो येताना बरोबर अर्ध्या तासात परत. जो सुरुवातीला उधळला तो येताना रेंगाळायचा, आणि सगळा गट त्याची वाट पाहत उभा असायचा. वेग वाटून घ्यायला शिकवायची याहून सोपी रीत मला माहीत नाही. शिवाय यात कुणी हरत नाही, कुणी एकटं मागे राहत नाही आणि परतताना प्रत्येकाला प्रत्येकाचा चेहरा दिसतो.

ही रीत सरांनी शोधली नव्हती, असं ते स्वतःच सांगायचे. त्यांचं दैवत होता आर्थर लिडियार्ड. न्यूझीलंडमधला, ऑकलंडमध्ये बुटांच्या कारखान्यात काम करणारा माणूस; प्रशिक्षणाची कसलीही पदवी नाही, सगळे प्रयोग आधी स्वतःच्या अंगावर केलेले. 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्याच्या हाताखालच्या पीटर स्नेलने 800 मीटरचं आणि मरे हालबर्गने 5000 मीटरचं सुवर्ण एकाच दिवशी जिंकलं, आणि त्यानंतर बॅरी मगीने मॅरेथॉनचं कांस्य घेतलं. आठवड्याला 160 किलोमीटर धावायला लावणारा म्हणून तो गाजला. पण सरांना त्याची ही बाजू फारशी सांगावीशी वाटायची नाही. ते सांगायचे ती गोष्ट पुढची.

1962 मध्ये लिडियार्ड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ऑकलंडमध्ये साध्या, बेढब, वय झालेल्या माणसांसाठी हळू धावण्याचा क्लब सुरू केला. त्यात हृदयविकाराचे झटके येऊन गेलेले लोकही होते. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेतला नावाजलेला प्रशिक्षक बिल बावरमन, जो पुढे नाइकी कंपनीच्या दोन संस्थापकांपैकी एक म्हणून ओळखला गेला, लिडियार्डकडे पाहुणा म्हणून आला आणि या मंडळींबरोबर धावायला गेला. बावरमन तेव्हा पन्नाशीचा, स्वतःला धडधाकट समजणारा. चढावर त्याचा दम निघाला. तेव्हा सत्तरी ओलांडलेले, हृदयविकारातून उठलेले एक आजोबा पुढच्या घोळक्यातून मागे आले आणि त्याच्याशी गप्पा मारत, त्याच्या वेगाने, शेवटपर्यंत धावले. बावरमनने परत जाऊन ओरेगनमध्ये सामान्य लोकांसाठी तेच सुरू केलं, आणि तिथून हळू धावण्याचं वेड देशभर पसरलं.

सरांना या गोष्टीत लिडियार्डपेक्षा आणि बावरमनपेक्षाही ते आजोबा जास्त आवडायचे. म्हणायचे, पदकं त्या दोघांना मिळू देत, मला त्या म्हाताऱ्याची नोकरी द्या.

तर माझी पहिली मागणी ही. फिरता चषक नको. त्याऐवजी प्रत्येक रविवारी आणि स्मृतिदौडीच्या दिवशीही एका माणसाची मागची पाळी लावा. त्याने शेवटच्या धावपटूच्या मागे राहायचं, त्याच्या आधी संपवायचं नाही, त्याला घाई करायची नाही. ही पाळी नवशिक्यांवर किंवा 'यांना तसंही हळूच जायचंय' म्हणून ज्येष्ठांवर ढकलू नका. गटातल्या सगळ्यात तेज माणसापासून सुरुवात करा. हे कमीपणाचं वाटत असेल त्यांच्यासाठी एक माहिती: केनियातल्या काप्तागातच्या छावणीत संडास साफ करण्याची पाळी असते, आणि ऑलिंपिक मॅरेथॉन दोनदा जिंकलेला एलियूड किपचोगेही त्या पाळीत असायचा. त्याचे प्रशिक्षक पॅट्रिक सांग यांनी त्याला वेगळं काढलं नाही. आपल्या पोरांची एकवीसची वेळ कितीही चांगली असली तरी एवढं नक्की जमेल.

कटऑफबद्दल. स्पर्धेला कटऑफ का लागतो हे मला कळतं. रस्ता किती वेळ बंद ठेवायला मिळतो, रुग्णवाहिका किती वेळ थांबते, पाणी देणारी मुलं किती वेळ उभी राहतील, हे सगळं पाहावं लागतं. पण अडीच तास हा आकडा कुठून आला? आपल्या गटातले निम्मे लोक पहिलं एकवीस अडीच तासांच्या आत संपवत नाहीत. म्हणजे सरांच्या नावाच्या दौडीत सरांनीच तयार केलेले लोक उचलून गाडीत बसवायचे, असा याचा अर्थ होतो. साडेतीन तास ठेवा. जमत नसेल तर अंतर दहा किलोमीटर करा, आणि कटऑफ काढूनच टाका. शेवटचा येईपर्यंत वेळ टिपणारं टेबल गुंडाळायचं नाही, एवढा एकच नियम पुरे. सर नेहमी त्या टेबलाशीच असायचे, हे मी कशाला सांगू.

नियमांवरून टी-शर्ट आठवला. 'सरांचे दहा नियम' कुणी काढले ते माहीत नाही, पण यादी वाचून मला हसू आलं. त्यातला चौथा नियम 'दर पंधरा मिनिटांनी पाणी प्या, तहान लागायची वाट पाहू नका' हा आहे. सर हे म्हणायचे, खरं आहे. त्याच्या आधी ते 'धावताना पाणी पिऊ नका, पोटात दुखेल' असंही म्हणायचे; जुन्या लोकांना आठवेल. आणि शेवटची काही वर्षं ते 'तहान लागेल तेवढंच प्या' असं म्हणायचे, आणि जास्त पाणी पिणाऱ्याला न पिणाऱ्याइतकंच रागवायचे. कारण त्यांनी मध्ये वाचलं होतं. 2002 च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये 488 धावपटूंचं रक्त तपासलं गेलं आणि त्यातल्या 13 टक्के लोकांच्या रक्तातलं सोडियम घसरलेलं निघालं. तिघांचं तर जिवावर बेतेल इतकं. धावताना ज्यांचं वजन कमी व्हायच्या ऐवजी वाढलं होतं, म्हणजे घामापेक्षा जास्त पाणी पोटात गेलं होतं, त्यांना हा धोका जास्त होता. 2005 मध्ये ते संशोधन छापून आलं. सरांच्या हातात ते पडल्यावर त्यांनी फळ्यावरचा पाण्याचा तक्ता पुसला आणि सगळ्यांसमोर सांगितलं की आजवर मी चुकीचं सांगत होतो.

स्ट्रेचिंगचंही तेच. थंड अंगाने खाली वाकून पायाचे अंगठे धरून ठेवायचे, हे ते आधी सक्तीने करून घ्यायचे. नंतर ते सगळं धावण्याच्या शेवटी ढकललं आणि सुरुवातीला पाय झुलवणं, हळू चालणं, हळू धावणं आणलं. कुणी विचारलं, 'सर, आधी तर तुम्हीच...' तर उत्तर ठरलेलं: 'आधी मला कमी माहीत होतं.'

आणि बायकांच्या लांबच्या अंतराबद्दल? सकाळच्या गटातल्या आम्ही काही जणी पूर्ण मॅरेथॉनचं बोलायला लागलो तेव्हा सरांचं तोंड वाकडं झालं होतं. पण ते नाही म्हणाले नाहीत. आधी सरावात पस्तीस किलोमीटर करून दाखवा, मग बघू, म्हणाले. नंतर मला कळलं की हा जवळपास तोच करार आहे जो अमेरिकेतल्या सिराक्यूज विद्यापीठात टपाल वाटणाऱ्या आर्नी ब्रिग्जने कॅथरीन स्विट्झरशी केला होता. बाईला मॅरेथॉन झेपत नाही, असं तो म्हणायचा. पण सरावात करून दाखव, मी स्वतः तुला बॉस्टनला घेऊन जाईन, असंही म्हणाला. तिने पूर्ण अंतर केलं आणि वर आणखी पाच मैल चल म्हणाली. ते संपताना घेरी आली ती ब्रिग्जला. मग अर्ज रीतसर भरायचा, नाव नोंदवूनच धावायचं, हा आग्रह त्यानेच धरला. 1967 ला तिच्या अंगावरचा 261 नंबर ओढायला आयोजक धावला तो फोटो सगळ्यांनी पाहिलाय. तिच्या बाजूने ब्रिग्ज धावत होता, हे फार कमी लोकांना माहीत असतं. बॉस्टनने स्त्रियांना अधिकृत प्रवेश दिला 1972 मध्ये, आणि ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन यायला 1984 उजाडलं.

आम्ही पस्तीस केलं. सर पूर्ण पस्तीस मागे होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी आमचे अर्ज स्वतः आणून दिले.

तेव्हा कोणते दहा नियम छापणार? ज्या माणसाने आपले नियम आयुष्यभर खोडले त्याच्या नियमांची पाटी करून आपण पाठीवर मिरवायची, हे मला पटत नाही. पाठ कोरी ठेवा. फार तर गटाचं नाव घाला. एक गोष्ट मात्र त्यांनी कधी बदलली नाही, आणि ती कुठे तरी लिहायचीच असेल तर नवीन येणाऱ्याच्या फॉर्मवर लिहा: धावताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. सर शेजारी येऊन 'काल दिवसभरात काय केलंस?' विचारायचे ते उगाच नव्हे. उत्तर 'काम' असं एका शब्दात आलं की माणूस मागच्या गटात. घरच्या भांडणासकट सगळं सांगता आलं तर राहू दे तिथेच. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत सुधारतात, पण स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या कंडरा आणि खुद्द हाडं यांना कित्येक महिने लागतात. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, अंगात जोर आल्यासारखा वाटतो तेव्हाच, नवशिके नडगी धरून बसतात. सरांच्या या एका प्रश्नाने किती जणांच्या नडग्या वाचल्या असतील.

आता वह्यांचं. हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि त्याबद्दल मी अजिबात मऊ बोलणार नाही.

वह्या मंडपात मांडायच्या नाहीत. सरांच्या अक्षराचं दर्शन लोकांना व्हावं हा तुमचा हेतू असेल, पण त्या वह्यांमध्ये काय आहे हे उघडून पाहिलंत का? प्रत्येकाच्या पानावर सकाळी उठल्यावरची नाडी आहे, वजन आहे, झोप आहे. कुणाचा रक्तदाब आहे, कुणाची साखर आहे, कुणाच्या गोळ्यांची नावं आहेत. आम्हा बायकांच्या पानांवर पाळीच्या तारखा आहेत, कारण त्याप्रमाणे ते सराव कमी-जास्त करायचे. कुणाच्या समासात 'घरी त्रास, बोलू नये' असं आहे. लोकांनी हे सरांना सांगितलं होतं, गटाला नाही. सर वही बंद करून कापडी पिशवीत घालायचे आणि पिशवी खांद्यावरून उतरवायचे नाहीत.

ज्याचं पान त्याला द्या. जे आता गटात नाहीत त्यांना निरोप पाठवा. जे राहिले नाहीत त्यांच्या घरच्यांना विचारू नका, ती पानं सरांच्या घरच्यांकडे सोपवा. काय करायचं ते त्यांना ठरवू द्या. अक्षराचं दर्शनच हवं असेल तर मार्ग मोजणीची वही आहे. ती खुशाल काचेत ठेवा. ती माझ्याकडे आहे आणि तिच्यात कुणाचंही गुपित नाही.

खरं तर ती वही लोकांनी पाहावीच. सरांनी आपला दहा किलोमीटरचा मार्ग सायकलने मोजला होता, अंतर दाखवणाऱ्या मनगटी घड्याळाने नाही. चाकाच्या फेऱ्या मोजणारं यंत्र, पोलादी फीत आणि वहीभर गुणाकार. आधी फितीने सरळ रस्त्याचा तुकडा नेमका मोजून घ्यायचा, त्यावर सायकल चार वेळा चालवून एका किलोमीटरला किती फेऱ्या होतात ते काढायचं, मग सगळा मार्ग चालवायचा. वळणावर कडेपासून 30 सेंटिमीटर अंतर ठेवून, कारण धावणारा सगळ्यात जवळची वाट धरणारच. आणि शेवटी दर किलोमीटरमागे 1 मीटर जास्त धरायचं, म्हणजे मार्ग कमी भरणार नाही. पूर्ण मॅरेथॉनला ते 42 मीटर होतात. जगभर अधिकृत रस्ते अजून याच पद्धतीने मोजतात. अमेरिकेत ती रुजवली टेड कॉर्बिट यांनी, जे 1952 ची हेलसिंकी ऑलिंपिक मॅरेथॉन धावले होते आणि नंतरची कित्येक वर्षं इतरांचे रस्ते मोजत हिंडले.

मनगटावरचं घड्याळ दाखवून 'सर, माझं तर 10.2 भरलं' म्हणणाऱ्यांना सर म्हणायचे, 'मग पुढच्या वेळी नागमोडी पळू नकोस.' स्मृतिदौडीच्या जाहिरातीत तुम्ही नवा मार्ग छापला आहे आणि अंतर नकाशावरून काढलं आहे, असं ऐकलं. तो मार्ग मोजल्याशिवाय '21.1' असा आकडा छापू नका. कुणी तरी आयुष्यात पहिल्यांदा ते अंतर धावणार आहे आणि घरी जाऊन सांगणार आहे. ते अंतर तेवढंच असायला हवं.

पुतळा, चौकाला नाव, वर्तमानपत्रात पुरवणी, या सूचनाही आल्या आहेत म्हणे. त्यावर मला काही म्हणायचं नाही. होईल तेव्हा होईल.

मोजणीचं यंत्र आणि फीतही माझ्याकडेच आहेत. नव्या मार्गाची मोजणी येत्या शनिवारी पहाटे, रहदारी सुरू व्हायच्या आधी करता येईल. मला सायकलच्या मागे गाडी धरायला एक जण आणि आकडे टिपायला एक जण हवा आहे. कार्यकारिणीतलेच दोघे आले तर उत्तम. मागच्या पाळीचा तक्ता लावाल तेव्हा पहिल्या महिन्यातला एक रविवार माझ्या नावावर टाका. आणि वह्यांचा निर्णय बैठकीपर्यंत थांबवू नका. त्या सध्या कार्यालयातल्या उघड्या कपाटात आहेत. आजच कुलूप लावा.

आपली,
सकाळच्या गटातली एक धावपटू